तेल-वायूच्या विहिरी बंद झाल्यावरची पुनर्लागवड : यश मोजायचे कसे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विहीर बंद झाली, यंत्रे निघून गेली, बी पेरले, आणि दोन-तीन वर्षांत जमीन हिरवी दिसू लागली. खरा वाद इथून सुरू होतो. कंपनी म्हणते काम पुरे झाले, जमीनमालक म्हणतो पूर्वीसारखे काहीच नाही, आणि सरकारी अधिकारी दोघांकडे आकडा मागतो. तो आकडा कसा काढतात, कुठे विश्वासाचा असतो आणि कुठे फसवतो, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

विहिरीची जागा म्हणजे पडीक शेतच की. पेरणीत एवढे अवघड काय?

पडीक शेतात मातीचे थर आपापल्या जागी असतात. विहिरीच्या जागेवर तसे नसते. खोदाईचे यंत्र उभे करण्यासाठी आधी उतार कापून सपाट पटांगण करतात. वरची सुपीक माती खरवडून बाजूला ढीग लावतात, वर खडी किंवा मुरूम पसरतात, आणि मग वर्षानुवर्षे अवजड वाहने त्यावरून जातात. एकाच पटांगणावरून अनेक आडव्या विहिरी (खोल जाऊन जमिनीखाली आडव्या वळणाऱ्या) खोदायच्या असतील तर एक ते तीन हेक्टर जागा सहज जाते. पोचरस्ता आणि पाइपलाइनचा चर त्याहून वेगळा.

परतीचा प्रवास याच्या उलट क्रमाने होतो. सिमेंट भरून विहीर कायमची बंद करायची, खडी उचलायची, उताराला मूळ वळण द्यायचे, दबलेला थर खोलवर फोडायचा, वरची माती पुन्हा पसरायची आणि शेवटी बी टाकायचे. झाडोरा या साखळीत सर्वांत शेवटी येतो. आधीच्या प्रत्येक टप्प्यावरची चूक झाडोऱ्यातच उघडी पडते, पण चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे झाडोरा सांगत नाही. म्हणून फक्त झाडे मोजणाऱ्याला बिघाड कळतो, कारण कळत नाही.

कायद्याच्या दृष्टीने यश म्हणजे काय?

ठिकाणागणिक वेगळे, आणि हा फरक वरवरचा नाही.

अमेरिकेत बांधकामाच्या जागेवरून पावसाच्या पाण्याबरोबर माती वाहून जाऊ नये म्हणून जो परवाना लागतो, त्यात मूळ वनस्पती-आच्छादनाच्या ७० टक्के आच्छादन आले की जमीन स्थिर झाली असे धरतात. तिथला उद्देश माती धरून ठेवणे एवढाच आहे. कोणते गवत आहे याची त्या नियमाला फारशी फिकीर नाही. कोलोरॅडो राज्याचे तेल-वायू नियम पुढे जातात. उत्खननाआधीच्या किंवा शेजारच्या अबाधित जमिनीच्या आच्छादनाच्या ८० टक्के आच्छादन हवे, आणि घातक तणे त्यात धरायची नाहीत.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताची चौकट आणखी वेगळी. तिथे ‘समतुल्य भूक्षमता’ हा निकष आहे, म्हणजे जमीन पूर्वी ज्या प्रकारच्या वापराला योग्य होती तशा वापराला पुन्हा योग्य झाली पाहिजे, हुबेहूब तशीच दिसली नाही तरी चालेल. विहिरीच्या जागांसाठी तिथे २०१० मध्ये आलेले निकष भूरूप, माती आणि वनस्पती असे तीन भाग स्वतंत्रपणे तपासतात. शेतजमीन, नैसर्गिक गवताळ प्रदेश आणि जंगल यांचे निकष वेगवेगळे आहेत. मातीला स्वतंत्र स्थान दिल्यामुळे मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

टक्केवारी कशाच्या तुलनेत काढायची?

सगळा खेळ इथेच आहे. समजा शेजारच्या अबाधित माळावर आच्छादन मुळातच ४० टक्के आहे, उरलेली जमीन उघडी. कोरड्या प्रदेशात हे अगदी नेहमीचे. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३२ टक्के. ‘८० टक्क्यांचा निकष पार’ हे वाक्य वाचून डोळ्यांपुढे हिरवेगार कुरण येते. प्रत्यक्षात दोन-तृतीयांश जमीन उघडी असते आणि तेच बरोबर असते. उलट त्याच माळावर ९० टक्के आच्छादन दिसले तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. तिथे बहुधा दाट पेरलेले परके गवत किंवा तण माजलेले असते.

तुलनेची जागा निवडताना माती, उतार, उताराची दिशा आणि चराईचा इतिहास जुळला पाहिजे. पटांगण सपाट असते आणि ‘शेजारची’ जागा नेमकी टेकडीच्या उतारावर निवडली जाते, असे बरेचदा घडते. उतारावर माती उथळ, आच्छादन विरळ. तिच्याशी तुलना केली की कोणतीही लागवड यशस्वी ठरते. निवड लबाडीने झाली असेलच असे नाही, पण निकाल तोच. अहवालात यशाची टक्केवारी पहिल्या पानावर असते आणि तुलनेची जागा कशी निवडली ते शेवटच्या परिशिष्टात. शेवटचे परिशिष्ट आधी वाचावे.

उत्खननाआधीची नोंदच नसेल तर?

जुन्या विहिरींबाबत बहुतेक वेळा ती नसतेच. मग जवळच्या एकाऐवजी अनेक अबाधित जागा घेतात आणि त्यांच्यातला चढउतार हाच निकष मानतात. पुनर्लागवडीची जागा त्या पट्ट्यात बसते का, एवढे पाहायचे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी कोलोरॅडो पठारासाठी अशी संगणकीय पद्धत बसवली, जी प्रत्येक पटांगणाभोवतालची माती आणि भूरूप यांच्याशी जुळणारे तुकडे आपोआप निवडते. माणसाच्या सोयीची निवड यात टळते, हा तिचा मोठा फायदा.

नव्या विहिरीसाठी मात्र सबब नाही. यंत्र येण्याआधी एक वर्ष, शक्य असल्यास दोन, पटांगण आणि तुलनेची जागा या दोन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने मोजून ठेवावे. दोन्ही जागांमध्ये आधीपासून किती फरक होता हे कळल्याशिवाय नंतरच्या फरकाला अर्थ नाही.

आच्छादन प्रत्यक्ष जमिनीवर कसे मोजतात?

सर्वांत भरवशाची पद्धत दिसायला अगदी साधी आहे. जमिनीवर मोजपट्टी ताणायची, ठरावीक अंतरावर बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि ती कशाकशाला लागली ते लिहायचे: झुडूप, गवत, पालापाचोळा, दगड, उघडी माती. शंभर बिंदूंपैकी बत्तीस ठिकाणी सळई जिवंत झाडाला लागली तर आच्छादन ३२ टक्के. दुसरी पद्धत चौकटीची. लहान चौकट जमिनीवर ठेवून तिच्यातला किती भाग झाकला आहे याचा नजरेने अंदाज घ्यायचा. ती झटपट होते आणि तुरळक प्रजाती तिच्यात जास्त सापडतात, पण दोन माणसांचे अंदाज जुळत नाहीत, आणि तोच माणूस दमल्यावर वेगळा आकडा सांगतो. एका वर्षी चौकट आणि पुढच्या वर्षी सळई वापरली असेल तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करू नये.

एका पटांगणासाठी शंभर बिंदू पुरतात का?

वरचेच ३२ टक्के घ्या. शंभर बिंदूंवर त्या आकड्यातली अनिश्चितता दोन्ही बाजूंना सुमारे नऊ टक्के आहे, म्हणजे खरे आच्छादन २३ ते ४१ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. एकाच ओळीतले बिंदू एकमेकांच्या शेजारी असतात, त्यामुळे प्रत्यक्षातली अनिश्चितता याहूनही जास्त. तुलनेच्या जागेच्या आकड्यातही तितकाच सैलपणा असतो. अशा दोन सैल आकड्यांचा भागाकार करून ‘८१.३ टक्के’ लिहिणे हे दशांश चिन्हाचा गैरवापर आहे. एका लांब ओळीपेक्षा पटांगणभर विखुरलेल्या अनेक छोट्या ओळी बऱ्या, आणि त्या कुठे टाकायच्या हे चिठ्ठी टाकून ठरवावे, पाहणी करणाऱ्याच्या पायांनी नव्हे. पाय आपोआप हिरवळीकडे वळतात.

आच्छादनाचा निकष पार झाला. आता तरी काम झाले ना?

नाही. या विषयातला सर्वांत महागडा गैरसमज हाच आहे.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातली पाइनडेल आणि जोना ही वायूक्षेत्रे सेजब्रश या करड्या, सुगंधी झुडपांच्या माळावर आहेत. तिथे राहणारा सेज ग्राउस नावाचा रानकोंबडीसारखा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ फक्त सेजब्रशची पाने खाऊन जगतो. आता त्या पटांगणावर क्रेस्टेड व्हीटग्रास पेरले असे समजा. हे आशियातून आणलेले गवत चिवट, स्वस्त आणि लवकर रुजणारे. चार वर्षांत आच्छादन भरपूर, मातीची धूप थांबलेली, कागदावर उत्तम गुण. पक्ष्याच्या हिशेबी मात्र तिथे हिवाळ्यात खायला काहीही नाही. शिवाय हे गवत इतके घट्ट बसते की स्थानिक रोपांना शिरकावच मिळत नाही. पहिल्या चार वर्षांचे यश पुढच्या चाळीस वर्षांची वाट अडवते.

चीटग्रासची गोष्ट याहून वाईट. हे युरेशियातले वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात उगवून मरणारे, गवत एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत पोचले. वसंताच्या सुरुवातीला ते सर्वांआधी हिरवे होते आणि उन्हाळा लागताच वाळून पेंढा होते. त्या पेंढ्यामुळे वणवे लवकर आणि वारंवार लागतात. सेजब्रश जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, त्याला बियांपासूनच सुरुवात करावी लागते. चीटग्रास मात्र पुढच्या वर्षी पुन्हा हजर. आच्छादनाच्या आकड्यात या दोन्ही वनस्पती ‘जिवंत झाड’ म्हणून एकाच रकान्यात जातात.

म्हणून आकडा नेहमी फोडून मागावा. बहुवर्षायू स्थानिक गवत किती, झुडपे किती, रुंद पानांच्या फुलझाडांचा वाटा किती, आणि परकी वर्षायू तणे किती. हे चार आकडे नसतील तर एकूण आच्छादनाचा आकडा न दिलेला बरा.

पहिल्या वर्षी सगळीकडे तणेच दिसतात. लागवड फसली का?

लगेच तसे म्हणू नये. उघड्या, हलवलेल्या मातीवर वर्षायू तणे आधी येणारच. रशियन थिसलसारखे तण पहिली दोन-तीन वर्षे माजते आणि बहुवर्षायू गवत बसले की पुष्कळदा मागे हटते. पाहायचे ते तणाखाली. वाकून, हाताने तण बाजूला करून बहुवर्षायू रोपे दर चौरस मीटरला किती आहेत ते मोजा. ती असतील तर थांबण्यात अर्थ आहे. ती नसतील, तर वरचे तण पुढच्या वर्षी कमी झाले तरी खाली काही येणार नाही. हॅलोजेटनसारखी क्षार आवडणारी तणे मात्र वेगळा इशारा देतात: मातीतच काहीतरी बिघडले आहे.

पेरलेले बी उगवलेच नाही तर दोष बियाण्याचा की जमिनीचा?

आधी बियाण्याचा हिशेब तपासा. पोत्यावर लिहिलेले वजन आणि जिवंत बी या वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्धता ९० टक्के आणि उगवणशक्ती ८० टक्के असेल तर खरे जिवंत शुद्ध बी ७२ टक्केच भरते. रानटी प्रजातींच्या बियाण्यात ही घसरण फार मोठी असू शकते. सेजब्रशचे बी धुळीसारखे बारीक, एका किलोत चाळीस लाखांच्या घरात. साध्या साठवणीत ते काही वर्षांतच निकामी होते आणि खोल पेरले तर उगवत नाही. गवताच्या बियांबरोबर पेरणी यंत्राने दोन सेंटिमीटर खाली गाडलेले सेजब्रश म्हणजे फुकट गेलेला पैसा. ते वरच्या वर फोकून द्यावे लागते.

बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी, पेरणीची तारीख आणि पद्धत यांची नोंद नसेल तर अपयशाचे कारण नंतर कुणालाही शोधता येत नाही.

प्रजातींची संख्या जुळली तर जैवविविधता परत आली असे म्हणता येईल?

फक्त संख्या जुळवणे सोपे आहे. वीस प्रजाती गेल्या आणि वेगळ्याच वीस आल्या तरी संख्या तीच. म्हणून साम्य मोजतात. समजा अबाधित जागेत २० प्रजाती आहेत, पुनर्लागवडीत १५, आणि दोन्हींत मिळून समान १०. एकूण वेगवेगळ्या प्रजाती झाल्या २५, समान १०, म्हणून साम्य ०.४. हा झाला जॅकार्ड निर्देशांक. यात एकुलते एक रोप आणि निम्मी जमीन व्यापणारे गवत यांना सारखेच वजन मिळते. ते टाळायचे असेल तर प्रमाणही धरणारा ब्रे-कर्टिस निर्देशांक वापरतात. एक गोष्ट मात्र विसरू नये. दोन अबाधित जागांमधले साम्यही कधीच पूर्ण एक नसते. त्यांच्यात आपसांत ०.६ येत असेल, तर पुनर्लागवडीकडून ०.९ मागणे चुकीचे आहे.

झाडे वाढली आहेत. मग माती कशाला तपासायची?

कारण झाडे काही वर्षे मातीचे दोष लपवू शकतात.

सर्वांत नेहमीचा दोष दाबाचा. अवजड वाहनांनी दाबलेला थर वरवर नांगरला की वरचे पंधरा-वीस सेंटिमीटर भुसभुशीत होतात, गवत छान उगवते, आणि मुळे खालच्या कठीण थरावर जाऊन आडवी पसरतात. पहिल्या कोरड्या वर्षी सगळे एकदम वाळते. टोकदार दांडा मातीत घालून विरोध मोजणारे साधे उपकरण मिळते. विरोध सुमारे दोन मेगापास्कलच्या वर गेला की बहुतेक मुळांची वाढ जवळजवळ थांबते. कोरडी माती मुळातच कठीण लागते, म्हणून दोन्ही जागांचे मोजमाप एकाच दिवशी, सारख्या ओलाव्यात करावे.

दुसरा दोष क्षारांचा. तेलाबरोबर जमिनीखालून खारे पाणी वर येते. अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यातल्या बाकन तेलक्षेत्राचे पाणी समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट खारे असते. ते सांडले की दुहेरी नुकसान होते. क्षारांमुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन जमीन चोपण बनते. ओली असताना चिखल, वाळल्यावर फरशी. क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, म्हणून संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मोजतात; ती ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. सोडियम अधिशोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती याचे माप, १३ च्या वर गेले की चोपण. चोपण जमिनीला जिप्सम देऊन पाण्याने निचरा करावा लागतो. तिथे पुन्हा पुन्हा बी पेरत राहणे म्हणजे दुखणे पोटात आणि लेप कपाळाला.

वरच्या मातीचा ढीग हाही एक छुपा प्रश्न आहे. उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मातीत आतल्या भागाला हवा मिळत नाही. मुळांशी जोडलेल्या बुरश्या आणि बियांचा साठा दोन्ही घटतात. माती परत पसरली तरी ती पूर्वीची माती नसते.

आणि तेलाचा प्रश्न. नायजेरियातल्या नायजर त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनीलँड या तेलाच्या भागाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये अहवाल दिला. तिथल्या तेलकंपनीच्या नोंदींनुसार सफाई पूर्ण झालेल्या १५ जागा तपासल्या, तर त्यांतल्या १० ठिकाणी प्रदूषण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कागदावर काम पूर्ण होते. कुणी खोल खणून पाहिले नसते, तर ते तसेच पूर्ण राहिले असते.

किती वर्षांनी मोजावे?

एकदाच मोजायचे असेल तर कोणतेच वर्ष बरोबर नाही. गवत तीन ते पाच वर्षांत आपला रंग दाखवते. सेजब्रशला दशके लागतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या बोरियल जंगलात तर त्याहून जास्त. कोणताही नियम पन्नास वर्षे थांबू शकत नाही, म्हणून प्रश्न बदलावा लागतो: जमीन तिथे पोचली का, हे विचारण्याऐवजी ती त्या दिशेने चालली आहे का, हे विचारायचे. त्यासाठी किमान तीन वेळा, त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षाच्या त्याच सुमारास मोजलेले आकडे हवेत. झुडपांची रोपे दरवर्षी थोडी वाढत असतील, तणांचा वाटा उतरत असेल आणि उघड्या मातीत ओघळ पडत नसतील, तर आच्छादन निकषाच्या थोडे खाली असले तरी मी त्या जमिनीवर विश्वास ठेवीन. भरपूर आच्छादन पण पाच वर्षांत एकही नवे रोप नाही, अशा जमिनीवर नाही.

मध्येच दुष्काळ पडला तर आकडे वाया गेले का?

तुलनेची जागाही त्याच वर्षी मोजली असेल तर नाही. पण एक मेख आहे. कोवळ्या रोपांची मुळे उथळ असतात, त्यामुळे दुष्काळात पुनर्लागवडीची जागा अबाधित जागेपेक्षा जास्त घसरते आणि गुणोत्तर खाली येते. चांगल्या पावसाच्या वर्षी वर्षायू तणांमुळे ते उगाच फुगते. दोन्ही वर्षांचे आकडे ठेवावेत, सोयीचे एक निवडू नये.

उपग्रहावरून हे सगळे मोजता येत नाही का?

काही भाग फार चांगला मोजता येतो. लँडसॅट उपग्रहांची तीस मीटरची चित्रे १९८० च्या दशकापासून आहेत आणि २००८ पासून हा संग्रह मोफत खुला आहे. म्हणजे जुन्या विहिरीची जागा खोदाईआधी कशी होती, हेही पाहता येते. कागदी नोंदी नसलेल्या ठिकाणी ही मोठीच सोय. लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजेच एनडीव्हीआय, यासाठी सर्रास वापरतात. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशांसाठी तर वर्षायू, बहुवर्षायू, झुडपे आणि उघडी जमीन यांचे वेगवेगळे अंदाज देणारे नकाशेही आता उपलब्ध आहेत.

मर्यादा समजून घ्या. शंभर मीटर बाजूच्या पटांगणात तीस मीटरचे पूर्णपणे आत बसणारे चौकोन चार ते नऊच मिळतात; बाकीच्यांत शेजारचा माळ मिसळतो आणि पटांगण आहे त्याहून बरे दिसते. सेंटिनेल-२ ची दहा मीटरची चित्रे २०१५ पासून आहेत, तिथे हा त्रास बराच कमी. दुसरी गोष्ट तारखेची. चीटग्रास वसंतात सर्वांआधी हिरवे होते, म्हणून त्या आठवड्यातले चित्र निवडले तर तणाने भरलेले पटांगण शेजारच्या माळापेक्षा हिरवे दिसेल. एकाच वर्षातली अनेक चित्रे पाहिली तर मात्र हीच खोड तण ओळखायला उपयोगी पडते: लवकर हिरवे, लवकर पिवळे. हजारो विहिरींतून कुठे जाऊन पाहायचे हे उपग्रहाने ठरवावे. काम पुरे झाल्याचे सरकारी प्रमाणपत्र द्यायचे की नाही हे जमिनीवर उभे राहून ठरवावे.

ड्रोन?

झुडपे आणि ओघळ मोजायला उत्तम. गवताच्या दोन प्रजातींमधला फरक ओळखायला अजून माणूस लागतो.

जंगलात लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हा निकष पुरेसा आहे का?

तो आवश्यक आहे, पण ठेकेदाराचे बिल पास करण्यापलीकडे त्याने फारसे काही कळत नाही. ९० टक्के रोपे जगली आणि दहा वर्षांनी गुडघ्याएवढीच असली, तर जंगल आले का? उंचीतली वार्षिक वाढ आणि न लावता आपोआप आलेली रोपे हे दोन आकडे जास्त बोलतात.

अल्बर्टाच्या जंगलात तेल शोधण्यासाठी बुलडोझरने सरळ पट्टे कापले गेले. त्यांपैकी जुन्या पट्ट्यांच्या एका अभ्यासात पस्तीस वर्षांनंतरही दहातल्या एकापेक्षा कमी पट्ट्यांवर झाडा-झुडपांचे आच्छादन निम्म्याच्या वर गेलेले आढळले. दबलेली माती, वर आलेले पाणी आणि पट्ट्यांवरून चालणारी वाहने ही त्याची कारणे. या पट्ट्यांवरून लांडगे भरभर फिरतात आणि कॅरिबू हरणांना गाठतात. त्यामुळे तिथे यशाचा खरा प्रश्न असा की पट्ट्यावरचा झाडोरा लांडग्याची चाल मंद करण्याइतका उंच आणि दाट झाला का. गवताच्या टक्केवारीत याचे उत्तर नाही.

कोळशाच्या खाणींचे एक उदाहरण इथे द्यायलाच हवे, कारण मापनाचा निकषच नुकसान कसे करतो हे त्याच्याइतके स्वच्छ कुठे दिसत नाही. अमेरिकेत खाणींची जमीन पूर्ववत करण्याबाबतच्या १९७७ च्या कायद्यानंतर पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांत खाणींच्या जागा सपाट, घट्ट दाबून, दाट गवत पेरून परत केल्या जाऊ लागल्या. धूप थांबली, आच्छादन मिळाले, निकष पार झाले. आणि जंगल आलेच नाही. दाबलेल्या मातीत झाडांची मुळे जाईनात, दाट गवतात रोपे तग धरेनात. २००४ पासून तिथे उलटी पद्धत पुढे आणली जात आहे: सुमारे सव्वा मीटर माती सैल ठेवायची, गवत विरळ पेरायचे, आणि सुरुवातीला जमीन थोडी ओबडधोबड, अर्धवट उघडी दिसली तरी चालवून घ्यायची. आच्छादनाचा कडक निकष लावला असता तर हीच जमीन पहिल्या वर्षी नापास झाली असती.

प्राणी-पक्षी परत दिसू लागले. हा तर भक्कम पुरावा?

दिसणे आणि राहणे यांत फरक आहे. हरणे कोवळे गवत खायला पटांगणावर येतात आणि निघून जातात. घरटी, पिल्ले, हिवाळ्यातला मुक्काम यांची नोंद असेल तर पुरावा भक्कम. मुंग्या, परागीभवन करणारे कीटक आणि मातीतले सूक्ष्मजीव हे लहान जागेसाठी अधिक उपयोगी सूचक आहेत, कारण एक हेक्टर त्यांना पुरते. सेज ग्राउसला एका पटांगणाने काहीच ठरत नाही. त्याच्यासाठी संपूर्ण माळाचा हिशेब लागतो, रस्ते आणि चालू विहिरींसकट.

सगळे निकष मिळून एकच गुण देता येतो का?

देता येतो, देऊ नये. सरासरीत मातीतले क्षार गवताच्या भरघोस गुणांखाली गाडले जातात. परिसंस्था पुनर्स्थापनेसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय सोसायटीने २०१९ मध्ये आपल्या मानकांची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात चाकासारखी आकृती आहे: धोके दूर होणे, भौतिक स्थिती, प्रजातींची रचना, थरांची विविधता, परिसंस्थेचे कार्य आणि बाहेरच्या परिसराशी देवाणघेवाण असे सहा भाग, प्रत्येकाला पाचपर्यंत तारे. कोणता भाग मागे आहे ते चाकावर लगेच दिसते.

‘यशस्वी’ म्हणून दाखवले जाणारे खरे उदाहरण कोणते?

अल्बर्टातल्या तेलवाळू क्षेत्रात (जिथे दाट तेल मिसळलेली वाळू खणून काढतात) सिंक्रूड कंपनीच्या गेटवे हिल या १०४ हेक्टर जागेला २००८ मध्ये पुनर्स्थापनेचे प्रमाणपत्र मिळाले. त्या उद्योगातले हे पहिलेच; तिथे व्यापारी खाणकाम १९६७ पासून चालू होते, हेही लक्षात घ्या. आज तिथे जंगल आहे आणि लोक फिरायला जातात. पण ही जागा म्हणजे खाणीवरून काढलेल्या मातीचा ढिगारा होता, तेल वेगळे केल्यावर उरणाऱ्या गाळाचा तलाव नव्हे. गाळाच्या तलावांचे काम कैक पट अवघड आहे. गेटवे हिल यशस्वी आहे. त्यावरून बाकीच्या जमिनीबद्दल अनुमान काढणे मात्र चूक ठरेल.

मोजमाप कंपनीच करते. मग भरवसा कसा ठेवायचा?

बहुतेक ठिकाणी कंपनी सल्लागार नेमते, तो अहवाल देतो आणि सरकार काही जागांची फेरतपासणी करते. यात सल्लागार अप्रामाणिक असावा लागत नाही. कधी, कुठे आणि कशाच्या तुलनेत मोजायचे या तीन निवडी कंपनीच्या हातात असल्या की निकाल झुकतो. तुलनेची जागा खोदाईआधीच नियामकाने ठरवणे, कच्च्या नोंदी आणि ठरलेल्या बिंदूंवरून काढलेले फोटो खुले ठेवणे, आणि फेरतपासणीच्या जागा चिठ्ठीने निवडणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

पैशांचा भाग याला चिकटूनच आहे. काम नीट पुरे होईल याची हमी म्हणून कंपनीने सरकारकडे ठेवलेली अनामत रक्कम खऱ्या खर्चापेक्षा फार कमी असेल, तर नीट पुनर्लागवड करण्यापेक्षा अनामत सोडून देणे परवडते. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरच्या एका भाडेपट्ट्यासाठी किमान अनामत १९६० पासून १०,००० डॉलर होती. २०२४ च्या नियमाने ती १,५०,००० डॉलर केली. दरम्यान बेवारस, म्हणजे जबाबदार कंपनीच न उरलेल्या, विहिरींसाठी २०२१ च्या कायद्यात सुमारे ४७० कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून ठेवावे लागले.

प्रमाणपत्र दिल्यावर काही वर्षांनी झाडोरा मेला तर जबाबदारी कुणाची?

हे करार आणि कायदा पाहूनच ठरते, आणि प्रमाणपत्राच्या अर्जावर सही करण्याआधी जमीनमालकाने हाच मुद्दा आधी वाचावा. अल्बर्टात प्रमाणपत्रानंतर २५ वर्षांपर्यंत पृष्ठभागाच्या पुनर्स्थापनेतल्या दोषांसाठी कंपनीला परत बोलावता येते, आणि प्रदूषण निघाले तर त्या जबाबदारीला मुदत नाही. अर्थात त्यासाठी कंपनी तेव्हा अस्तित्वात असावी लागते. मालकाने स्वतःकडे तीन गोष्टी ठेवाव्यात: प्रमाणपत्राच्या वेळचे मातीच्या तपासणीचे मूळ निकाल खोलीसह, तुलनेच्या जागेचे अचूक ठिकाण, आणि दरवर्षी त्याच चार कोपऱ्यांवरून, त्याच महिन्यात काढलेले फोटो. दहा वर्षांनी तक्रार करताना ‘पूर्वी बरे होते’ या वाक्याला कुणी विचारत नाही. दहा फोटो आणि एक क्षारतेचा आकडा असेल तर फेरतपासणी मागता येते.